रेंज नाही त्या पाड्यात माणसं आजारी पडत नाहीत काय?



या वेळचा विषय वाचून काहींना वाटेल, जमिनीचं सोडून हे काय काढलं. विषय आहे आरोग्याच्या पाहणीचा आणि संशोधनाचा, जे करोनापासून फोनवर आणि कॉम्प्युटरवर गेलं ते. पण हा विषय जमिनीपेक्षा वेगळा नाही. आपल्या नेवाडाच्या बाबतीत जे झालं तेच आता आपल्या ताप-खोकल्याच्या, आपल्या रक्ताच्या बाबतीत होतंय. म्हणून शेवटपर्यंत वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना बसवून वाचून दाखवा.

एक दाबा, दोन दाबा

२४ मार्च २०२० ची रात्र आठवा. दुसऱ्या दिवसापासून सगळा देश बंद. मोह वेचायचे दिवस होते, तेंदू तोंडावर आलेला. बाजार बंद, गाडी बंद, मजुरीला बाहेर गेलेली माणसं पायी परत येत होती. त्याच दिवसांत आपल्या एका पाड्यावर फोन आला. त्या पाड्यात चालू फोन एकच, तोही टेकडीवर चढलं तरच लागणारा. फोन एका पोराच्या हातात होता. पलीकडून माणूस बोलत नव्हता, भरून ठेवलेला आवाज होता, हिंदीत. घरात कुणाला ताप, खोकला असेल तर एक दाबा, नसेल तर दोन दाबा.

पोरानं दोन दाबलं. खाली पाड्यात तीन घरं तापानं पडलेली होती, त्यात त्याची आईही. नंतर विचारलं, असं का केलंस? म्हणाला, "एक दाबलं असतं तर आईला गाडीत घालून नेलं असतं, आणि मागं कोण जाणार होतं तिच्या?"

तो ताप करोनाचा होता की हिवतापाचा, आजपर्यंत कुणाला माहीत नाही. तपासायला कुणी आलंच नाही. पण कुठल्या तरी कॉम्प्युटरमध्ये आपला पाडा निरोगी म्हणून चढला. पोराला दोष देऊ नका. ज्या आवाजाला चेहरा नाही, ज्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, त्याला खरं कोण सांगेल?

साथ गेली, फोन राहिला

आरोग्याचं संशोधन म्हणजे काय, ते साध्या भाषेत समजून घेऊ. कोण आजारी आहे, कशानं आहे, किती बाळं दगावली, कुठलं औषध लागू पडतं, हे मोजायचं आणि लिहायचं. त्या लिहिलेल्यावर पुढं ठरतं की डॉक्टर कुठं द्यायचा, उपकेंद्र कुठं बांधायचं, पैसा कुठं टाकायचा. म्हणजे जो मोजला गेला नाही, त्याच्यासाठी काही येत नाही.

आधी हे मोजणारे लोक घरी यायचे. कधी नीट यायचे, कधी शाळेच्या ओट्यावर बसून फॉर्म भरून जायचे, ते आपण पाहिलंय. पण यायचे. करोनात ते थांबलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं घरोघरचं काम बऱ्याच राज्यांत अर्ध्यावर थांबवावं लागलं. २०२१ ची जनगणना पुढं ढकलली. मग सगळ्यांनी फोन हातात घेतला. हे फक्त आपल्याकडे झालं नाही. इथिओपिया, मलावी, नायजेरिया, युगांडा या आफ्रिकेतल्या देशांतही जागतिक बँकेच्या मदतीनं २०२० मध्ये फोनवरून पाहण्या सुरू झाल्या. आधीच्या घरोघरच्या पाहणीत ज्यांनी फोन नंबर दिला होता, त्यांना फोन लावायचा. ज्यांचा नंबरच नव्हता, ते पहिल्याच पायरीवर गळाले.

त्या वेळी दुसरा इलाज नव्हता, हे आम्ही मान्य करतो. घरोघर हिंडून साथ पसरवण्यापेक्षा फोन बरा. आमचं भांडण त्या पहिल्या काही महिन्यांशी नाही. आमचं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. रस्ते उघडले, बाजार उघडले, फॉरेस्टचे गार्ड पुन्हा पाड्यावर यायला लागले. मोजणारे मात्र परत आले नाहीत. फोन स्वस्त पडतो, हे त्यांच्या लक्षात आलं. गाडी नको, भत्ता नको, डोंगर चढायला नको. अडचणीतली सोय कायमची पद्धत होऊन बसली.

आकड्यातून गळलेली माणसं

कुटुंब आरोग्य पाहणीचाच आकडा घ्या, २०१९ ते २०२१ चा. देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी फक्त ३३ जणींनी आयुष्यात कधी तरी इंटरनेट वापरलं होतं. खेड्यांत तर २५ सुद्धा पुऱ्या भरत नव्हत्या. आणि हा सगळ्या खेड्यांचा हिशोब झाला, हमरस्त्यावरच्या मोठ्या गावांसकट. सातपुड्यातल्या, मेळघाटातल्या, भामरागडकडच्या पाड्यांतल्या बायांचा वेगळा आकडा काढला तर किती येईल, ते तुम्हीच मनाशी बघा.

आता सांगा, बाळंतपणाबद्दल फोनवर विचारणार कुणाला? फोन नवऱ्याच्या खिशात, नाहीतर पोराच्या. अंगावरून जातंय, दूध येत नाही, पोट सारखं दुखतंय, हे बाई फोनवर परक्या माणसाला सांगेल, तेही नवऱ्यासमोर उभी राहून?

शिकलेले लोक म्हणतात, काळजी करू नका, ज्यांचे फोन लागले नाहीत त्यांचा हिशोब आम्ही गणितानं भरून काढतो. म्हणजे ज्या थोड्या आदिवासींचा फोन लागला, त्यांचं उत्तर न लागलेल्यांच्या नावावर धरायचं. पण फोन लागणारा आदिवासी कोण? रस्त्यावरचा, नोकरीतला, तालुक्याला राहणारा. तो आपलाच भाऊ आहे. पण त्याच्या घरासमोर ॲम्ब्युलन्स येते आणि आपण झोळी करून माणूस उतरवतो. त्याचं उत्तर आपलं उत्तर कसं होईल? एका शेताचं पीक पाहून दुसऱ्या शेताची आणेवारी लावल्यासारखं आहे हे.

करोनाचे आकडे रोज यायचे. जिल्हा कळायचा, बाधित किती, बरे किती, मेले किती. त्यात आदिवासी किती, हे कुठं नव्हतं. २०१८ मध्येच डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं सरकारला सांगितलं होतं की देशात १० कोटी ४० लाख आदिवासी आहेत आणि त्यांच्या आरोग्याची वेगळी माहितीच धड गोळा होत नाही. साथ आली तेव्हा ती माहिती गोळा करायची सगळ्यात जास्त गरज होती. आणि नेमकी तेव्हाच ती आणखी पुसट झाली.

मरणाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२२ मध्ये अंदाज मांडला की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख माणसं जास्त मेली. सरकारच्या करोना-मृत्यूंचा आकडा त्या मुदतीत ५ लाखांच्याही आत होता. सरकारनं तो अंदाज नाकारला. भांडण दिल्लीचं आणि जिनिव्हाचं. पण भांडायला जागा का उरली? कारण गावोगावी मरणं लिहिलीच गेली नाहीत. आपल्या पाड्यात त्या दोन वर्षांत गेलेल्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. किती जणांचे दाखले निघाले, ते सांगा.

चालत येणारी बाई

मोजायची खरी पद्धत कुठली, ते आपल्याच राज्यात दाखवून झालंय. गडचिरोलीत गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्या घरी जायच्या, जन्मलेलं बाळ हातात घ्यायच्या, वजन करायच्या, श्वास मोजायच्या. त्या कामावरचा अभ्यास १९९९ मध्ये जगभर छापून आला. नवजात बाळांचं मरण निम्म्याहून खाली आल्याचं त्यात दिसलं. पुढं २००१ च्या 'कोवळी पानगळ' अहवालानं दाखवलं की महाराष्ट्रात खरे बालमृत्यू सरकारी कागदावरच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. सरकारला उत्तर द्यावं लागलं. हे सगळं कशानं कळलं? कुणीतरी चालत घरापर्यंत गेलं म्हणून.

करोनातही गेलेच की. नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांत रस्ता बुडालेला, लोक पोरं घेऊन केंद्रावर येईनात, तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातली एक अंगणवाडीताई स्वतः होडी वल्हवत पाड्यापाड्यावर गेली, पोरांची वजनं घेतली, खाऊ पोचवला. तिच्या बातम्या सगळीकडे छापून आल्या, कौतुक झालं. पण तिच्यासारख्यांना सरकारनं दिलं काय? ॲप.

मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर नावाचं ॲप आलं. पोरांची वजनं, गरोदर बाया, सगळं त्यात भरायचं. ॲप इंग्रजीत. मोबाईल आधीच दिलेले, हळू चालणारे, गरम होणारे, बिघडले तर दुरुस्तीची बोंब. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडीताईंनी मोर्चे काढून ते मोबाईल सरकारला परत केले. काही पेपरवाल्यांनी लिहिलं, बायांना तंत्रज्ञान नको. खोटं आहे ते. त्या म्हणत होत्या, चालणारा फोन द्या, आणि आम्हाला कळेल अशा भाषेत द्या. मराठीसाठीही ज्या बायांना भांडावं लागलं, त्यांच्या पाड्यात भिली, कोरकू, माडिया बोलतात, हे तर कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

आणि पुढं काय होतं, लक्षात घ्या. जे पोर ॲपमध्ये चढलं नाही, ते कागदावर कुपोषित नाही. मग अहवाल येतो, कुपोषण कमी झालं.

'आदिवासी लसीला घाबरतात'

लसीचंही तेच. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली, पण आधी कोविनवर नाव नोंदवा. कोविन तेव्हा इंग्रजीत. मराठी आली ती जूनमध्ये. मधल्या काळात कितीतरी आदिवासी तालुक्यांतल्या केंद्रांवर शहरातली माणसं फोनवर नंबर लावून गाड्या घेऊन आली आणि आपल्या वाट्याची लस घेऊन गेली. सुप्रीम कोर्टानंही त्याच महिन्यात सरकारला विचारलं की ज्यांच्याकडे फोन नाही, इंटरनेट नाही त्यांनी काय करायचं? पुढं केंद्रावरच नाव नोंदवायची सोय झाली.

पण तोवर आकडे तयार झाले होते. आदिवासी भागात लस कमी. त्यावर चर्चा झाल्या, लेख आले. सगळ्यांचं निदान एकच, आदिवासी घाबरतात, अंधश्रद्ध आहेत. भीती होती, नाही म्हणत नाही. आम्ही स्वतः पाड्यापाड्यावर जाऊन ती काढलीय, पुढंही काढू. पण दार बंद ठेवायचं, आणि मग लिहायचं की हे लोक आत येत नाहीत, याला संशोधन म्हणतात काय?

अंगठा

आता दुसरी बाजू. एकीकडे आपण आकड्यातून गळतो, दुसरीकडे आपल्याला न विचारता आपली माहिती गोळा होते. दोन्ही एकाच वेळी.

आपल्या आजोबांचा अंगठा सावकारानं घेतला. वाचून दाखवलं नाही, जमीन गेली. फॉरेस्टवाल्यानं पंचनाम्यावर अंगठा घेतला, वाचून दाखवलं नाही, आपण आपल्याच शेतात अतिक्रमणवाले झालो. आता अंगठा मशीनवर घेतात, आणि ओटीपी आला की म्हणतात, सांग. ओटीपी सांगितला की तुमची संमती झाली.

करोनात, एप्रिल २०२० मध्ये, आयसीएमआरनं संशोधनाची संमती फोन-कॉम्प्युटरवरून घ्यायला वाट करून दिली. शहरातल्या दवाखान्यात ते समजू शकतं. पण आपल्याकडे हातात कागद देऊनही संमती नीट घेतली जात नव्हती, ते विसरू नका. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, खम्मम जिल्ह्यात, हजारो शाळकरी मुलींना गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरची लस देऊन अभ्यास झाला. त्यात वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुली खूप होत्या. कितीतरी मुलींच्या संमतीच्या कागदावर आईबापांची नाही, वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. त्या काळात काही मुली दगावल्या. मृत्यू लसीनं झाले असं चौकशीत निघालं नाही, आणि ती लस वाईट आहे असं आम्ही म्हणतही नाही. पण २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं त्या संमतीवर कडक ताशेरे ओढले. कागदाच्या सहीचं असं झालं, तर स्क्रीनवरच्या टिचकीचं काय होईल?

लसीच्या वेळी आधार दिलं, तेव्हा कुणी सांगितलं होतं की ही माहिती कुठं कुठं जाईल? जून २०२३ मध्ये बातम्या आल्या की लसीकरणात दिलेली नावं आणि ओळखपत्रांचे नंबर टेलिग्रामवर मिळतायत. सरकार म्हणालं, कोविन सुरक्षित आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यातही संशोधन आणि आकडेवारीसाठी सूट ठेवलीय. अट एवढीच की त्या माहितीवरून कुणा एका माणसाबद्दल निर्णय घेऊ नये, आणि ठरवून दिलेले नियम पाळावेत. पण अख्ख्या गावाबद्दल, अख्ख्या जमातीबद्दल निर्णय घेतला तर? त्याबद्दल कायदा गप्प आहे.

हे दूरचं नाही. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. १७ राज्यांत चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. तपासणी करून घ्या, आम्हीच सांगतो. सिकलसेलनं आपली पोरं कशी तळमळतात, ते आपण पाहिलंय. पण रक्ताचा निकाल पोर्टलवर चढतो. हा आजार आईबापांकडून येतो, म्हणजे एका पोरीचा निकाल हा तिच्या भावाबहिणीचा, घराण्याचाही निकाल असतो. सोयरिकीच्या वेळी तो कुणाच्या हाती लागला तर? तो कोण पाहू शकतो, किती वर्षं ठेवणार, कुठल्या संशोधनाला देणार, हे गावाला कुणी सांगितलंय? विचारा.

कायदा आपल्या बाजूनं आहे

आठवा, वनहक्काच्या दाव्यांत काय झालं. उपग्रहाचा फोटो पुढं करून म्हणाले, इथं शेत दिसत नाही, दावा फेटाळला. फोटोत झाडाखालचं शेत दिसत नाही, डोंगरउतारावरची नागली दिसत नाही. आपण लढलो. २०१२ च्या सुधारित नियमांत, नियम १२ए च्या ११व्या पोटनियमात स्पष्ट लिहिलं गेलं: उपग्रहाचा फोटो आणि इतर तंत्रज्ञान हे दुसऱ्या पुराव्याला जोड म्हणून वापरता येईल, त्याच्या बदली नाही. आणि नियम १३ प्रमाणे वडीलधाऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब हासुद्धा पुरावा.

हेच तत्त्व आरोग्यालाही लावा. फोन हा भेटीला जोड. भेटीच्या बदली नाही. ॲप हे आशाताईच्या वहीला जोड, वहीच्या बदली नाही. सुईण काय सांगते, गावातली म्हातारी माणसं मरणांबद्दल काय सांगतात, तेही लिहून घ्या, तोही पुरावा आहे. जमिनीला जो न्याय, तो जिवाला का नाही?

आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमावलीत आदिवासींवरच्या संशोधनाबद्दल लिहिलंय की ज्यातून त्या समाजाला फायदा होईल असंच संशोधन करावं, स्थानिक संस्थेची, प्रमुखांची परवानगी घ्यावी, स्थानिक बोली जाणणाऱ्यांना बरोबर घेऊन, साक्षीदारांसमोर संमती घ्यावी, आणि गावानं हो म्हटलं तरी प्रत्येक माणसाची वेगळी संमती घ्यावी. साथीचं कारण सांगून हे कुणाला गुंडाळून ठेवता येणार नाही. आणि आपल्या जडीबुटीच्या ज्ञानाबद्दल विचारायला कुणी आलं, तर वनहक्क कायद्याचं कलम ३(१)(के) दाखवा. जंगलातल्या जीवांबद्दलच्या त्या ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क आहे.

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही

कुणी म्हणेल, हे लोक मागं जायला निघाले. आपल्याच काही पोरांनाही तसं वाटतं. त्यांना सांगा, नेवाडांची मोजणी आपण स्वतः जीपीएसच्या मशीननं केलीय. मशीन आपल्या हातात होतं, शेताच्या बांधावर आपण चाललो, नकाशा ग्रामसभेत ठेवला, शेजाऱ्यानं हो म्हटलं तेव्हा कायम केला. ते तंत्रज्ञान आपल्याला चाललं, कारण त्यात आपण होतो. फोनवरून डॉक्टरचा सल्ला मिळत असेल तर तोही घेऊ. पण डॉक्टरची रिकामी जागा भरण्याऐवजी फोन देत असाल तर नाही. हा अंक आम्ही आजही स्टेन्सिल कापून काढतो. कागदाला रेंज लागत नाही, एवढंच त्याचं कारण.

ग्रामसभेनं काय करायचं

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, सह्या-अंगठे घ्या, पण आधी मोठ्यानं वाचून दाखवा:

१. आमच्या गावात आरोग्याची कुठलीही पाहणी, तपासणी किंवा संशोधन करायचं तर आधी ग्रामसभेत येऊन आमच्या बोलीत समजावून सांगावं: कशासाठी, कोणाच्या पैशानं, माहिती कुठं ठेवणार, कोणाला देणार.

२. ग्रामसभेनं हो म्हटल्यावरही प्रत्येकाला नाही म्हणायचा हक्क राहील. नाही म्हटलं म्हणून कुणाचं रेशन, औषध किंवा लस अडवायची नाही. आणि आजारी माणसावर उपचार या ठरावासाठी एक दिवसही थांबणार नाहीत.

३. फोनवर घेतलेल्या माहितीच्या आधारे गावाबद्दल काही ठरवायचं असेल, तर आधी घरोघर येऊन खात्री करावी.

४. बायांशी बायांनी बोलावं, त्यांच्या बोलीत, घरच्या फोनवर नाही.

५. पाहणीत काय निघालं ते ग्रामसभेत परत येऊन सांगावं, आणि त्याची प्रत गावाच्या दप्तरी द्यावी.

६. गावानं स्वतःची जन्म-मृत्यूची आणि आजाराची वही ठेवावी. आशाताई, सुईण आणि शिकलेल्या दोन पोरापोरींनी मिळून ती लिहावी, महिन्याला ग्रामसभेत वाचावी. कुणाच्या आजाराचं नाव मात्र चारचौघांत घ्यायचं नाही.

सहावा मुद्दा आजपासून सुरू करता येतो. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. शंभर पानी वही घ्या, २०२० आणि २०२१ मध्ये गेलेल्यांपासून सुरुवात करा. नाव, वय, किती दिवस ताप होता, दवाखान्यात नेलं की नाही, नेलं तर कुठं. ज्या दिवशी साहेब म्हणेल तुमच्या पाड्यात करोनात कुणी मेलं नाही, त्या दिवशी ती वही टेबलावर ठेवता आली पाहिजे.

वनदाव्यांत आपण हेच केलं. त्यांच्या फोटोसमोर आपल्या म्हाताऱ्यांचे जबाब ठेवले. आता त्यांच्या ॲपसमोर आपली वही ठेवू.

लढेंगे, जितेंगे! जिंदाबाद!